सुमनताईंनी बदललेला प्रश्न

सुमनताई गेल्याचे त्यांच्या सुनेने दूरध्वनीवर कळवले, तेव्हा मी नुकताच संध्येला बसलो होतो. आचमनाचे पाणी तळहातावर तसेच राहिले... त्याला आता महिना उलटला.

बोईसर परिसरातील अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. निवृत्तीनंतर एका संस्थेने लहान मुलांच्या भावना आणि माणसांविषयीची ओढ जोखणारी इंग्रजी प्रश्नावली त्यांच्याकडे सोपवली. ती मराठीत उतरवण्यासाठी त्या पालघरला माझ्याकडे येऊ लागल्या. मी संस्कृतचा शिक्षक, शब्दाला शब्द तोलणारा. 'पालक दूर जाताना मूल रडते किंवा हाक मारते का?' हे वाक्य मी मोठ्या समाधानाने लिहिले होते.

ताई ती प्रश्नावली घेऊन दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात गेल्या. तिथे एका चिमुरडीचे वडील होडीवर निघाले, तेव्हा ती पाठ फिरवून गप्प बसली. प्रश्नाबरहुकूम ताईंनी शून्य गुण लिहिले. त्यावरून संस्थेने दिलेला 'मुलीला माणसांची ओढ नाही' हा शेरा ऐकून तिच्या आईने अन्न सोडले. आजी मात्र कडाडली, "दर्यावर जानाऱ्याला मागून हाक नाय मारायची, बाय! पोरीला आमीच शिकवलाय. तुमच्या कागदाला एवढा पन म्हाईत नाय?"

ताई तशाच माझ्याकडे आल्या. "गुरुजी, प्रश्न बदलू या."

"मूळ वाक्याशी प्रतारणा होईल, ताई."

"आणि त्या पोरीशी झाली ती?"

मी पोथीत मान घातली. त्या चहा न घेताच उठल्या... आमची ती शेवटची भेट.

परवा बोईसरला त्यांच्या घरी गेलो. पुढचे सारे सुनेने सांगितले. होड्या परतायच्या वेळी ताई दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसल्या होत्या. वडील दिसताच ती पोर गुडघाभर पाण्यात धावली आणि त्यांच्या ओल्या पायांना बिलगली. ताईंनी तो शेरा रद्द करवला, आणि पोरीच्या आईला ते सांगायला स्वतः गेल्या.

सुनेने प्रश्नावलीची त्यांची प्रत माझ्या हाती ठेवली. माझे वाक्य खोडलेले होते. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, 'दूर गेलेले माणूस परत आल्यावर मूल काय करते?' आणि समासात बारीक अक्षरांत, 'गुरुजींच्या संमतीने.'

संमती मी दिलीच नव्हती.

सुनेकडून पेन मागून घेतले आणि त्या ओळीखाली सही केली. शाई केव्हाच वाळली, तरी कागद मिटवेना...