शिकारीच्या कापडातली लाल रेघ

ऊना फार धीट होती, असं त्या खोऱ्यात अजून सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं! ती भीत होती, आणि भ्यावं असेच ते दिवस होते. डोंगरातल्या कुळांचं बंड मोडल्यावर सरकारने पुरुषांना कुळाचं चौकड्यांचं कापड नेसायला बंदी केली होती. तिचा नवरा तोरकिल त्यापायी एकदा तुरुंग भोगून आला होता. पुन्हा सापडला असता तर जहाजात कोंबून समुद्रापार धाडला असता. तिथून कोणी परत येत नसे.

तरी हा शहाणा शिकारीला निघाला की तेच कापड कमरेला गुंडाळायचा. "विजारीत माझे गुडघे गुदमरतात," म्हणायचा.

कापड ऊनानेच विणलेलं. कुळाचं सणासुदीचं कापड भडक, शिकारीचं मात्र वेगळं. झुडपांच्या पाल्याचा हिरवा, दगडफुलाचा तपकिरी, मधून काळे पट्टे. डोंगरावर आडवं झालं की हरणाला पत्ता लागू नये. त्यातच एक बारीक लाल रेघ, कारण ती नसली तर कापड कुळाचं कसलं? हरणाला लाल कळत नाही, असं सगळे शिकारी सांगत. शिपायांचा विचार तेव्हा कोणी केलाच नव्हता.

त्या सकाळी ती दारापुढे रंगाचं भांडं ढवळत होती. वळणावर शिपाई दिसले. तोरकिल समोरच्याच उतारावर होता. त्यानेही त्यांना पाहिलं असावं, कारण तो झुडपांत आडवा झाला आणि दिसेनासा झाला. मग ऊन पडलं. हिरव्या-तपकिरीत ती लाल रेघ तिला लख्ख दिसली.

हवालदार शेजारच्याच खोऱ्यातला, तिचीच भाषा बोलणारा. असला माणूस परक्यापेक्षा वाईट.

"काय शिजवतेस गं? मुताचा वास येतोय."

"मुतातच रंग धरतो. तुझ्या आईला विचार."

तो हसला, तिच्याच स्टुलावर बसला आणि तिचीच ओटची भाकरी खाऊ लागला. शिपायांनी घर उलथंपालथं केलं. ऊना भांड्यातून मान वर काढेना. मान वर केली तर डोळे तिकडेच जातील, याची तिला खात्री होती.

"वहिनी," हवालदार म्हणाला, "मी आल्यापासून तू डोंगराकडे एकदाही पाहिलं नाहीस."

ती भांडं ढवळतच राहिली.

"नवरा जिथं लपलेला असतो, तिथं बायको कधी बघत नाही. एवढ्यावर मी मागच्या खोऱ्यात दोघे उचलले. चल, बघ आता वर."

दुसरीकडे पाहावं तर हा नेमका उलट अर्थ काढणार. ऊनाने मान वर केली, थेट त्या लाल रेघेकडे पाहिलं आणि बोट तिकडेच रोखलं.

"तिकडे आहे तो. जा, धर!"

हवालदार खो खो हसला. "मला शेंडी लावतेस होय?" त्याने सगळे शिपाई पाठीमागच्या टेकडीवर पिटाळले आणि स्वतःही त्यांच्या मागे गेला. ऊना तिथेच मातीत बसली.

शिपाई खोरं सोडून गेल्यावर तोरकिल खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तू माझ्याकडे बोट दाखवलंस."

"अरे, तो उलटंच समजणार होता, म्हणून..." तिने रडत रडत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग आत आला, जेवला, हसलासुद्धा. "माझी बायको हवालदाराची आजी निघाली," असं पुढे चारचौघांत कौतुकाने सांगायचा. त्याचा तिच्यावर विश्वास बसला होता. त्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

पण तिने मेंढरू दाखवायला, ढग दाखवायला बोट उचललं, की त्याचे खांदे आपोआप आक्रसत. त्याच्या हातात नव्हतं ते. ऊनाने कधी विषय काढला नाही. ती हनुवटीने दाखवायला शिकली.