जज्जसाहेबांची हॅट

चौथ्या होलपाशी एकाच बाभळीच्या सावलीत आठ साहेब खोळंबून उभे होते. पुढे उन्हात जज्जसाहेब एकटेच आपल्या बॉलभोवती प्रदक्षिणा घालत होते. ही तिसरी.

मी तेव्हा धुळ्यात साहेबलोकांच्या क्लबात क्लार्क होतो. गॉल्फच्या दिवशी कोण कुणामागून निघणार, ते मी बघायचं. खेळ तसा सोपा. काठीने बॉल मारत न्यायचा आणि जमिनीतल्या भोकात घालायचा. अशी नऊ भोकं, म्हणजे नऊ होल. भोकाभोवतीच्या जागेला ग्रीन म्हणतात. आमचं ग्रीन म्हणजे तेल शिंपडलेली वाळू, कारण धुळ्याच्या मार्चात हिरवं काही मागणं हा चावटपणाच. पुढचा हलल्याशिवाय मागच्याने मारायचं नाही. पुढचा फारच रेंगाळला तर त्याने बाजूला होऊन, हात हलवून मागच्यांना जाऊ द्यावं, असा नियम.

जज्जसाहेब प्रत्येक बॉलचा खटला चालवत. आधी जागेची पाहणी. मग कोणती काठी घ्यावी यावर कॅडीची, म्हणजे काठ्या वाहणाऱ्याची, साक्ष. मग निकाल राखून ठेवायचा.

कलेक्टरसाहेबांनी मला बोटाने बोलावलं. त्यांच्याबरोबर मुंबईचे बडे पाहुणे होते. बोलणं इंग्रजीतच झालं, मी मराठीत देतो.

"वाजले किती?"

"सव्वाचार, सर."

"पाहुण्यांची गाडी सहाची आहे. त्यांचे नऊ होल व्हायला हवेत आणि गाडीही मिळायला हवी. यातलं एक जरी चुकलं, तर उद्यापासून येऊ नका."

"सर, आपण जज्जसाहेबांना एक शब्द टाकलात तर..."

"मी विनंती करणार नाही. त्यांना सुचायला हवं."

घरी खाणारी सहा तोंडं, आणि नोकरी जाणार कशापायी, तर भोकात न जाणाऱ्या बॉलपायी! रागही आला, पण क्लार्कने राग गिळायचा असतो. मी जज्जसाहेबांकडे पळालो.

"सर, मागच्यांना पुढे जाऊ द्याल का?"

"कलेक्टर माझ्यानंतर दोन वर्षांनी नोकरीत आले," ते शांतपणे म्हणाले. "ते माझ्यापुढे कसे जातील?" आणि त्यांनी चौथी प्रदक्षिणा सुरू केली.

त्यांचा कॅडी झिपरूआबा, सोनगीरकडचा म्हातारा. त्याने मला बाजूला ओढलं.

"भाऊसाहेब, इतलं काब्र घाबरतस? आमना गावमा पोळाले पाटीलना बैल बठ्ठास्ना पुढे चालस. त्याना मान शे. एक साल तो लंगडा व्हयना. मग काय, बठ्ठं गाव उभं ऱ्हायनं का? त्यानी झूल पुढे धाडी. मान झूलले भेटना, बाकीना बैल निंघी गयात."

"आबा, बैलाऐवजी त्याची झूल पुढे गेली, मान राहिला, ते ठीक. पण इथे झूल कुठून आणू?"

आबाने जज्जसाहेबांच्या डोक्याकडे पाहिलं.

मी देवाचं नाव घेतलं आणि बोललो, "सर, मान आपलाच. आपली हॅट चांदीच्या ट्रेवरून सर्वांच्या पुढे जाईल. आपण इथे सावकाश विचार करावा."

"शेवटपर्यंत पुढे?"

"कलेक्टरसाहेबांच्याही पुढे, सर."

निकाल प्रथमच जागच्या जागी लागला. उन्हाचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी माझी काळी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. क्लबातून चहाचा चांदीचा ट्रे आला, हॅट त्यावर उलटी बसली आणि आबा गंभीर चेहऱ्याने चालू लागला. मागून कलेक्टरसाहेब, पाहुणे आणि सावलीतले बाकीचे साहेब. जज्जसाहेबांच्या काठ्या माझ्या खांद्यावर आल्या.

पुढचं मला आबाने नंतर सांगितलं. प्रत्येक ग्रीनवर आधी हॅट जाई, क्षणभर थांबे, मग बाकीचे. सातवा होल आटोपून पाहुण्यांनी मारलेला बॉल नेमका हॅटमध्ये पडला. जज्जांच्या हॅटमध्ये हात घालायला कलेक्टर धजेनात. अखेर आबा बॉलसकट ट्रे घेऊन थेट आठव्याच्या भोकापर्यंत गेला आणि बॉल तिथे पोचला असं धरण्यात आलं. एवढा लांब फटका आपण जन्मात मारला नव्हता, असं पाहुणे स्टेशनवर सर्वांना सांगत होते. गाडी मिळाली.

इकडे चौथ्या होलवर वेगळंच घडलं. सगळ्यांमागून उशिरा निघालेल्या पोलीससाहेबांना हा बंदोबस्त कुणी सांगितलाच नव्हता. त्यांना लांबून बॉलवर वाकलेली एक काळी टोपी दिसली.

"ए बाबू! हट तिथून!"

मी उडी मारून झुडपाआड गेलो. पाहतो तर जज्जसाहेब माझ्या आधीच तिथे पोचलेले. पोलीससाहेब गेले, इंजिनियर गेले, डॉक्टर गेले. कुणी आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आम्ही दोघं खाली मान घालून उभे.

क्लबाचा खेळ इतक्या लवकर कधीच आटोपला नव्हता. माझी नोकरी राहिली. गॉल्फ रेंगाळतो त्यात बॉलचा काही दोष नसतो, एवढं मात्र कळलं.

संध्याकाळी जज्जसाहेबांनी टोपी परत केली. देण्याआधी आतून-बाहेरून नीट तपासली.

"ही घातली की माणूस फार पटकन बाजूला होतो," ते म्हणाले.

"सवय होते, सर," मी म्हणालो आणि टोपी डोक्यावर ठेवली.