आम्ही एसीवाले आणि अबू सालेमचा स्टोव्ह

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप जमत जातात. एक म्हणजे पँट्रीतले झाकण हरवलेले डबे, आणि दुसरी म्हणजे स्टोव्हचे किस्से. डबे कुणी टाकत नाही आणि किस्से कुणी विसरत नाही. नवा माणूस जॉइन झाला की त्याला आधी चहा मिळतो आणि मग हे सगळं ऐकावं लागतं!

तर आम्ही दुबईशेजारच्या अजमानचे एसीवाले. हवा कुठून सोडायची आणि कुठून ओढायची, यावरच आमचं पोट. दर जानेवारीत आम्ही फॅमिलीसकट रास अल खैमाच्या डोंगरात जातो, अबू सालेम नावाच्या जुन्या क्लायंटच्या फार्महाउसवर. तिथे थंडी अशी की चहा कपात ओतेपर्यंत गार! म्हणून त्याने हौसेने जॉर्जियाहून एक लोखंडी स्टोव्ह आणलाय, दगडी कोळशावर चालणारा. त्या स्टोव्हने आम्हा सगळ्या इंजिनिअरांना अगदी पाणी पाजलं होतं.

* * *

पहिल्या वर्षी आमचे डिझाइन मॅनेजर साठेसर बाह्या सरसावून पुढे झाले. स्टोव्हला हवेच्या दोन झडपा. एक वरच्या दारात, एक खाली राखेच्या दारात. सरांनी वरची सताड उघडली आणि खालची घट्ट लावली.

मी म्हटलं, "सर, उलटं करून बघू या का?"

"शुभांगी, हवा नेहमी वरून द्यायची असते. अर्ध्या दुबईला मी छतातून हवा दिलीय!"

लाकडं भडकली, कोळसा जेमतेम लाल झाला आणि काळा पडला. सरांची कॉलेजात जाणारी रिया आत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, इट्स डेड."

* * *

पुढच्या वर्षी नितीनने चार्ज घेतला. नितीन आमचा टेस्टिंगवाला, मूळचा चिपळूणचा. "आमच्याकडे चुलीवर आंघोळीचं पाणी तापतं, मला काय शिकवता!" असं म्हणत त्याने बार्बेक्यूचा चिमटा उचलला आणि कोळसा वरून ढोसायला सुरुवात केली. लाकडाला ढोसलेलं चालतं. दगडी कोळशाला एकदा पेटल्यावर कुणी हात लावलेला खपत नाही. ढोसून ढोसून त्याने सगळा निखारा मारला.

तेवढ्यात अबू सालेमचा फोन आला. "हबीबी, स्टोव्ह पेटला का?"

नितीन थंड पडलेल्या स्टोव्हकडे बघत म्हणाला, "इन्शाल्ला!"

* * *

तिसऱ्या वर्षी स्टोव्ह पेटला बरं का! पण साठेसरांना चिमणीतून गरम हवा बाहेर जाताना बघवेना. "एनर्जी वाया चाललीय!" म्हणत त्यांनी चिमणीची झडप पूर्ण बंद केली. झालं! खोलीभर धूर, विषारी वायूचा अलार्म बोंबलायला लागला आणि आम्ही सगळे ब्लँकेटं गुंडाळून अंगणात.

सरांच्या बायकोने, मेधावहिनींनी, कुडकुडत विचारलं, "आत धूर, बाहेर गारठा. अहो, पगार नक्की कशाचा घेता तुम्ही?"

त्या दिवसापासून कायदा झाला. बाकी काहीही करा, चिमणीची झडप पूर्ण लावायची नाही.

* * *

पण वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. घाट उतरताना त्यांनी जाहीर केलं, "आता शेवटचा चान्स. पुढच्या वर्षी माझ्या अंगातलं स्वेटर उतरवून दाखवा. नाहीतर त्यानंतर मुकाट्याने दुबईतलं हॉटेल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र रडूच आलं. वर्षभर आम्ही आपापल्या फ्लॅटमध्ये, आपापल्या एसीखाली. एका खोलीत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गप्पा होतात त्या फक्त त्या डोंगरावर. हॉटेलात जो तो आपल्या रूममध्ये, खलास!

* * *

यंदा निघायच्या आदल्या दिवशी साठेसर एका क्लायंटवर फोनवरून डाफरत होते. "एसी कूलिंग देत नाही म्हणता, पण फिल्टर साफ केलात का? नाकात बोळे घातल्यावर श्वास कसा घेणार तो?"

डोंगरावर पोचल्यावर मी स्टोव्हचं खालचं दार उघडलं. आमची आणि अबू सालेमची मिळून सगळी राख आत गच्च बसली होती, पार जाळीपर्यंत. खालून हवेला वाटच नव्हती.

मी फक्त एवढंच म्हटलं, "सर, फिल्टर!"

सर गुपचूप राखेचा ट्रे घेऊन बाहेर गेले.

* * *

आता जाळी मोकळी झाली. आम्ही लाकडं पेटवली, वर थोडा कोळसा टाकला. नितीनने बॅगेतून अगरबत्ती काढली. डक्ट कुठे लीक होतोय ते तो अगरबत्तीच्या धुरानेच शोधतो. त्याने ती वरच्या झडपेशी धरली. धूर आत गेला आणि कोळशावरून तरंगत सरळ चिमणीत पसार! मग खालच्या दाराशी धरली. धूर सर्रकन जाळीतून कोळशाच्या पोटात शिरला.

"सर, बायपास! वरची हवा कोळशाला भेटतच नाहीये!"

साठेसरांनी एकदा छताकडे पाहिलं. मग खाली वाकले आणि स्वतःच्या हाताने वरची झडप बारीक केली, खालची उघडली. अर्ध्या दुबईला वरून हवा देणारा माणूस! मला एकदम भरून आलं.

कोळसा घुमायला लागला. "यल्ला, चला!" नितीन ओरडला. नवा कोळसा आम्ही एका बाजूला घातला, दुसरीकडचा निखारा उघडा ठेवला. चांगला पेटल्यावर खालची झडप थोडी आवळली आणि चिमट्याला कुणीही हात लावायचा नाही अशी तंबी दिली.

वहिनी मात्र स्वेटर, शाल, कानटोपी घालून ठाम. "मला अजून काही फरक वाटत नाही हं," असं म्हणून त्या झोपायला गेल्या.

* * *

सकाळी मी उठले तर स्टोव्ह लालबुंद. बाहेर वाऱ्याने दारं थडथडत होती. मी चहा टाकला. साठेसर आणि नितीन स्टोव्हपाशी बसले होते, नजर आतल्या खोलीच्या दाराकडे.

दार उघडलं. मेधावहिनी बाहेर आल्या. कपाळावर घाम, हातात रियाचं मासिक, त्यानेच वारा घेत होत्या. स्वेटर कुठेच नव्हतं.

आमच्या तिघांकडे बघून त्या वैतागून म्हणाल्या, "एवढे एसीवाले घरात, आणि एकालाही इथे एसी बसवायचं सुचलं नाही?"