धामणखेडचा बखरकार

आमच्या धामणखेडात उद्धव नावाचा शेतकरी होता, म्हणजे शेत त्याच्या नावावर होतं. कसायची त्याची बायको दुर्गाबाई. अकरा एकर काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी. ती बाई मजुरांच्या पुढे चालायची. उद्धव सातवी पास होता, आणि सातवी पास माणसानं कोळपणीच्या डवऱ्याला हात लावू नये अशी त्याची समजूत होती.

चोपन्न साली तो कौंडण्यपूरच्या जत्रेला गेला आणि गावाचा इतिहास लिहायचं ठरवून परतला. रुक्मिणीला घेऊन निघालेला रथ आमच्याच नाल्यावर थांबला, घोडे तिथंच पाणी प्याले, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात लिहून टाकलं. नाला वर्षातले दहा महिने कोरडा असतो, याची त्याला अडचण वाटली नाही.

बातमी पसरली तशी माणसं त्याच्या ओसरीवर येऊ लागली. कुणी हुरडा आणला, कुणी गुळाची भेली. जानराव पाटलांनी तूप पाठवलं आणि त्यांचा पणजोबा भोसल्यांचा सरदार झाला. खोटं कशाला बोलू, मीही संत्र्यांची टोपली नेली होती; माझ्या आजोबाला एक घोडं मिळालं. दोन वर्षांत गावात इतके तलवारबहाद्दर झाले, की नांगर धरणारा पूर्वज एकाही घराला उरला नाही.

छप्पन साली पूर्वेकडची अख्खी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली. वहीत त्यांच्याबद्दल मुळातच दोन ओळी होत्या, त्याही उद्धवनं खोडल्या. त्यांनी धर्म सोडला म्हणजे गावाचा इतिहासही सोडला, असं तो पारावर सांगे. आम्ही माना डोलवायचो.

बासष्ट साली ग्रामपंचायतीची इमारत झाली. उद्घाटनाला गटविकास अधिकारी आले आणि उद्धव कोट घालून आपला इतिहास वाचायला उभा राहिला. वाचता वाचता गावविहिरीचं प्रकरण आलं. जानरावांच्या पणजोबानं भाल्याचं टोक जमिनीत खुपसलं आणि झरा उसळला, असं त्यात होतं. साहेबांना विहिरीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव करायचा होता. त्यांनी सहज विचारलं, विहीर खोल किती? उद्धव पानं चाळत राहिला. जानराव दुसरीकडे बघू लागले.

उत्तर आलं ते मंडपाबाहेरून. तिथं बौद्ध वस्तीतली मनकर्णाबाई उभी होती, पंचाहत्तरीची म्हातारी.

"अठ्ठेचाळीस हात, सायेब. तेहतिसाव्या हाताले खडक लागला. माह्या सासऱ्यानं फोडला तो. त्याचा भाऊ दरडीखाली मेला. मी नवी नवरी होती, टोपल्यानं गोटे म्याच वाहले. पाणी लागलं, अन् आमच्या घागरीले बंदी झाली."

साहेबांनी उद्धवला विचारलं, हे तुमच्या इतिहासात आहे का. तो आहे म्हणाला. मग वाचा, असं साहेब म्हणाले. उद्धवनं एक कोरं पान उघडलं आणि त्याच आवाजात वाचू लागला, की एका महापराक्रमी वीरानं तलवार उपसून खडकाचे दोन तुकडे केले.

"तलवार नोती," मनकर्णाबाई म्हणाली. "खडक फोडायची सब्बल होती."

कुणी हसलं नाही. हसायचं तर आपापल्या पूर्वजांनाही हसावं लागलं असतं.

साहेबांनी विहीर सर्वांना खुली असल्याचा लेखी आदेश दिला. जानरावांनी त्याच उन्हाळ्यात आपल्या घरामागं वेगळी विहीर खणायला घेतली. वस्तीतलं एकही माणूस त्या कामावर गेलं नाही. मजूर परतवाड्याकडून आणावे लागले.

उद्धवच्या ओसरीवर आता कुणी फिरकेना. शेवटी तो वही घेऊन मनकर्णाबाईच्या दारी गेला. ती ज्वारी पाखडत होती. विहिरीची सगळी हकीकत सांगा, नव्यानं लिहितो, असं तो म्हणाला. तिनं सूप थांबवलं नाही.

"मी कायले सांगू, भाऊ? इहिरीत उतरा अन् मोजून घ्या."

उद्धव काठापर्यंत गेला, वाकून पाहिलं आणि घरी आला.

त्या हिवाळ्यात दुर्गाबाईनं त्याच्या हाती गोफण दिली आणि त्याला ज्वारीची पाखरं राखायला बसवलं. मरेपर्यंत सहा वर्षं त्यानं ते काम केलं. तेवढंही त्याला धड जमलं नाही. दरसाल त्याच्या बाजूची कणसं अर्धी रिकामी निघायची.