उतरता येईल असा समुद्र

शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी घरात सांगून टाकलं, यंदा समुद्र बघायला जायचं. बघायला म्हटलं खरं, पण मनात होतं ते पोहायचं. आमच्या परभणी जिल्ह्यातून कुठलाही किनारा जवळ नाही, त्यामुळे इथं समुद्राचं नाव काढलं की लोक आधी हसतात. यजमान हसले नाहीत. ते आमच्या गावी, झरीला, शेती बघतात, आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला पिकाचा हिशोब असतो. म्हणाले, "तूर निघू दे. मग जाऊ."

तूर निघाली. हरभऱ्याला अजून अवकाश होता. पुण्याला असलेल्या लेकीनं फोनवरून दोन ठिकाणं सुचवली, केरळातलं कोवलम नाहीतर अंदमान. दोन्हीकडे नारळाची झाडं, दोन्हीकडे स्वच्छ वाळू, आणि जानेवारीत दोन्हीकडची हवा चांगली. "आता तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली आणि मोकळी झाली.

माझं त्याच दिवशी ठरलं. लेकीनं पाठवलेल्या व्हिडिओत अंदमानच्या एका बेटावर कुणी बाई छातीभर पाण्यात उभी होती आणि वरून तिच्या पायाची बोटं दिसत होती. पाणी जागचं हलत नव्हतं. असं पाणी मी माहेरच्या विहिरीत पाहिलं होतं, तेही लहानपणी.

यजमानांनी कोवलम धरलं.

"रेल्वेनं जाता येतंय," ते म्हणाले. "हैदराबादला गाडी बदलायची की झालं. खिडकीतून मुलूख दिसतो. इमानात काय दिसतंय? ढग."

"ढग वरून बघितलेत का कधी?"

"खालून बघतोच की रोज."

तिथं तो विषय थांबेल असं मला वाटलं होतं. आमच्या घरात भिंतींचा रंग मी ठरवते, लेकीचं शिक्षण मी ठरवलं, एवढंच काय, ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हेही शेवटी माझ्यावर आलं होतं. पण या वेळी ते मागे हटेनात. रोज काहीतरी नवं शोधून आणत. अंदमानात नेटवर्क नसतं. बोटीत उलट्या होतात. एके दिवशी शेतातून आले ते चपला काढता काढताच म्हणाले, "तिथं मगरी हायत म्हणं."

"काही किनाऱ्यांवर हायत. तिथं पाट्या लावल्यात. आपण तिथं जायचं न्हाई."

"पाटी मगरीला वाचता येतीय का?"

मला हसू आलं, पण काहीतरी खटकलं. दाराबाहेरच्या मुलखाची इतकी चौकशी करणारा हा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी मी एकटीच परभणीला गेले. बसस्टँडजवळ एक पोरगेला गृहस्थ सहलींचं बुकिंग करतो, त्याच्याकडे गेले. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "काका येऊन गेले की, काकू. दोनदा."

"काय विचारलं त्यांनी?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "पहिल्यांदा आले तवा इचारलं, कुठल्या समुद्रात माणसाला पाण्यात जाऊ देत न्हाईत. मी म्हणलं, काका, लोक इचारतेत ते कुठं जाऊ देतेत. तर म्हणले, मला उलटं पायजे. मग मी कोवलमचं सांगितलं. तिथं लाटा जोराच्या असतेत. लाल झेंडा लावला की शिट्ट्या मारून बाहेर काढतेत. दुसऱ्यांदा आले ते अंदमानात काय काय धोका हाय, ते इचारून गेले."

मी त्याचे आभार मानून निघाले. बसमध्ये आधी राग आला, मग तो कुठे ठेवावा ते कळेना. माझ्याकडून कुठली गोष्ट लपवायची तर या माणसाला केवढे कष्ट पडतात, ते मला ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा ते ओट्यावर बसून दोरखंडाला पीळ घालत होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "लाल झेंडा कुठं लावतेत, ते इचारायला गेला होता म्हणं."

त्यांचे हात थांबले. मग खाली बघतच म्हणाले, "तू पाण्यात उतरणार. मला म्हाईत हाय. तू समुद्र बघून परत येणारी बाई न्हाईस."

"मला पोहता येतंय."

"आमच्या आळीतल्या एकाला कालव्यातून काढलेलं मी बघितलंय. त्यालाबी येत होतं." दोरखंड बाजूला ठेवत म्हणाले, "मी लहान होतो. तवापासून पाणी म्हणलं की मला नगं वाटतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते पाण्याकडे जात नाहीत हे मी बघितलं होतं. आवड नसेल, म्हणून सोडून दिलं होतं. त्यांच्या भीतीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण ती भीती मी डोक्यावर घेऊन हिंडणार नव्हते.

"येत्या रविवारी माझ्या माहेरी जाऊ," मी म्हणाले. "तुमी काठावर बसा. मी पोहते. बघा, आणि मग ठरवा."

"आता? या वयात?"

"पोहणं माणूस इसरत न्हाई."

"आन् इसरलं असंल तर?"

"तर कोवलमला जाऊ."

माझं माहेर सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. आमच्या शेतात जुनी दगडी विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या आहेत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी मला तिथंच पोहायला शिकवलं, आणि एक दिवस न सांगता डबा सोडून घेतला. गावातल्या बायकांनी नावं ठेवली होती. वडील म्हणायचे, पाणी पोरगा-पोरगी बघत नाही.

रविवारी आम्ही पोचलो. भावाला आधीच फोन केला होता. त्यानं विहिरीतला पालापाचोळा काढून ठेवला होता आणि एक लांब दोर आणला होता.

"आक्का, कमरंला बांधू का?"

"नको. हातात धरून बस. तुझ्या दाजींना बरं वाटंल."

पंजाबी ड्रेसची ओढणी काढून मी वहिनीकडे दिली. यजमान वरच्या पायरीवर बसले, दोन्ही हातांनी दगड धरून. मी खालच्या पायरीपर्यंत गेले. खोटं कशाला सांगू, पाण्याचा काळा रंग बघून मी पायरीवरच थांबले. पण मागे फिरायचं नाही हे नक्की होतं. नाक दाबलं आणि मुटका मारला.

पाणी बर्फासारखं लागलं. खाली गेले, पायांनी आपोआप पाणी कापलं, आणि वर आले. कानातलं पाणी निघायच्या आत ऐकू आलं ते त्यांचं "दोर! दोर सोड!" भाऊ हसत होता, दोर तसाच धरून. मी एक फेरी मारली. दुसरीत दम लागला; मग मोटारीच्या पाइपला धरून थांबले आणि श्वास घेतला. तरुणपणीचा दम राहिला नव्हता, ते लगेच कळलं. मग उताणी झाले आणि हात पसरून तरंगत राहिले. वर विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ आणि त्यात त्यांचं डोकं. मला इतकं बरं वाटलं की निघावंसं वाटेना.

"बास आता," ते वरून म्हणाले. थोड्या वेळानं परत, "थंडी वाजंल."

जेवून आम्ही परत निघालो. परभणीला उतरल्यावर मी झरीच्या बसकडे निघाले, तर ते उलट्या दिशेनं चालायला लागले.

"कुठं जायलाव?"

"त्या पोराकडं. इमानाचं बघू. खिडकी मिळतीय का इचारू."

खिडकी मिळाली. हैदराबादपासून अंदमानपर्यंत ते खिडकीला कपाळ लावून बसले होते. पुढं बोटीनं आम्ही एका लहान बेटावर गेलो. त्या बोटीत उलटी मला झाली, त्यांना नाही.

बेटावर गेलो त्या दुपारी ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसते दगड आणि शेवाळ. मी नाराज झाले. किनाऱ्यावर नारळ विकणाऱ्या बाईनं हिंदीत सांगितलं, सकाळी या, भरलेला असेल. सकाळी गेलो तर खरंच पाणी आमच्या पायाशी होतं, हिरवंनिळं आणि निवांत. मी आत गेले. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा माणसाला जास्त उचलून धरतं, हे मला शाळेत शिकवताना माहीत होतं, पण अंगाला कळलं ते त्या दिवशी. काही न करता मी वर राहत होते. डोळे मात्र चुरचुरले.

यजमान काठाकाठानं माझ्याबरोबर चालत होते, मी डावीकडे गेले की डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. मग थांबले, धोतर वर खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात आले. गुडघ्याएवढं झालं. मी उभी राहिले आणि हात पुढं केला. तो त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर म्हणाले, "हितंच." आम्ही तिथंच उभे राहिलो. त्यांच्या पायाभोवती बारीक मासे फिरत होते आणि ते माशांकडे बघत होते.

"उताणं झोपा. मी खालून हात देते."

"न्हाई. एवढं बास."

मी आग्रह केला नाही. सहल संपेपर्यंत ते रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे राहत आणि मी पोहून येईपर्यंत तिथून हलत नसत.

परत आलो तेव्हा हरभरा काढणीला आला होता. शेजारची माणसं ओट्यावर जमली आणि समुद्र कसा होता ते विचारायला लागली. मी आत चहा टाकत होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, "गळ्याएवढ्या पाण्यात गेलो." पाणी किती होतं ते मला ठाऊक होतं. मी दुधाखालचा गॅस कमी केला.

कुणीतरी विचारलं, "भ्या वाटलं न्हाई का?"

"लय वाटलं," ते म्हणाले.