मडमेचा राग

अकोल्यात तिच्याइतकं रागावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि अकोल्याचा उन्हाळा सोसलेली बाई हे सांगते आहे. ती अमेरिकेची कथालेखिका. नवरा कापसाच्या बियाण्यांचा जाणकार, सरकारी कामावर काही वर्षांसाठी आलेला. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला त्यांनी माझ्या खोलीशेजारचा बंगला घेतला. मी शाळामास्तरीण, एकटी. सगळी आळी तिला मडम म्हणे. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती व्हरांड्यात टाइपरायटर बडवायची आणि मधूनमधून स्वतःच्याच वाक्यांवर ओरडायची. मडम लिहून राहिली की भांडून राहिली, हे लांबून कोणालाच ओळखता येत नसे. मराठी ती भाजीबाजारात शिकली होती, त्यामुळे रागावली की अस्सल वऱ्हाडी बोले. पुण्याहून आलेली माझी मावशी तिच्या तोंडून "काहून वो, दिसत नाही काय तुले?" ऐकून दोन दिवस बंगल्याकडे पाठ करून बसली होती.

तिच्या कथा अमेरिकेत जायच्या आणि तितक्याच इमानदारीनं परत यायच्या. संपादक हाताशी नसल्यामुळे ती पोस्टमनला फैलावर घेई. एकदा तो बिचारा सायकल धरून कळवळून म्हणाला, "मडम, म्या नाही वाचली जी तुमची गोष्ट!" एका प्रकाशकानं तिला कळवलं, गोष्टी चांगल्या आहेत, पण हिंदुस्थान वाटत नाही, एखादा हत्ती घाला. ते पत्र हातात घेऊन ती माझ्या दारात आली. "बाई, अकोल्यात हत्ती कुठं हाय? दाखवा मले!" पुढे पुस्तक निघालं, ते त्याच प्रकाशकाकडून, आणि मुखपृष्ठावर हत्ती होताच. तिनं आलेल्या सगळ्या प्रतींची मुखपृष्ठं फाडली आणि वर्तमानपत्राचं वेष्टन घालून मला एक दिली.

त्या पुस्तकाला तिकडचा मोठा पुरस्कार मिळाला. बक्षीस मिळालं होतं ते मुख्यतः एका कथेमुळे, आणि ती कथा तिला मी सांगितली होती. आमच्या शाळेत यशोदाबाईच्या मुलीला दाराजवळ वेगळं बसवत. यशोदाबाई कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. घरच्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी मडमेला सांगितलं, ती माउली फाटकाशी रडत उभी होती, तेव्हा मी जाऊन तिचे डोळे पुसले आणि पोरीला आत नेऊन बसवलं. कथा तशीच छापून आली. त्यातली दयाळू शिक्षिका मला इतकी आवडली होती, की ते पान मी चार वेळा वाचलं.

पुरस्काराच्या आनंदात मडमेनं यशोदाबाईला बोलावलं आणि व्हरांड्यात बसवून अख्खी कथा वऱ्हाडीत सांगितली. मीही होते. उठून जायला हवं होतं, पण बसूनच राहिले. यशोदाबाईनं ती शेवटापर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "कोन रडलं?"

"तू," मडम म्हणाली.

"मी? मी नाही रडली. मी वर्गात घुसली. पोरीचा हात धरला अन् पहिल्या बाकावर नेऊन बसवली. म्हनलं, उठवून दाखवा!" तिनं माझ्याकडे बोट केलं. "अन् ह्या बाई फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या."

ती पदर झटकून निघून गेली. मडम माझ्याकडे वळली. ती ओरडेल याची मी वाट पाहत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुमी मले काहून नाही सांगितलं?" एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. नंतर तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

अमरावतीला राजापेठेत तिचा सत्कार झाला, तिथे मीही गेले होते. अध्यक्ष तासभर बोलले. पुस्तक त्यांनी उघडलंही नव्हतं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. माझं डोकं सणकलं होतं, पण मी कोणावर रागावणार? मडम उभी राहिली. "ज्या गोष्टीसाठी हार घालून राहिले, तिचा शेवट खोटा हाय," ती म्हणाली. "चूक माही. ज्या बाईची गोष्ट, तिले मी विचारलंच नाही." माझं नाव ती घेईल म्हणून मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. तिनं घेतलं नाही. तिनं सोबत आणून पहिल्या रांगेत बसवलेल्या यशोदाबाईला वर बोलावलं आणि माइक तिच्या हाती दिला. अध्यक्ष घड्याळ पाहू लागले, तर मडम तिथूनच गरजली, "बसा खाली!"

पुढे नवऱ्याची मुदत संपली आणि दोघं गेली. शेवट बदलावा म्हणून ती प्रकाशकाशी बरीच वर्षं भांडत होती म्हणतात. तो प्रकाशक कसा टिकला असेल, देव जाणे. अखेर नवी आवृत्ती पोस्टानं आली. यशोदाबाई आता वर्गात घुसत होती, पोरीला बाकावर बसवत होती. शिक्षिका फळ्याकडे तोंड करून उभी होती. पण तिथे एक वाक्य जास्त होतं: शिक्षिकेचा हात इतका थरथरत होता, की तिला फळ्यावर एक अक्षरही काढता येईना. हे मी मडमेला कधी सांगितलं नव्हतं. यशोदाबाईला ते मागून दिसणं शक्य नव्हतं. माझा हात त्या दिवशी खरंच थरथरला होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहते. आठवत नाही. मडमेला विचारायचंही राहून गेलं.