नानांचं ‘लाय ला’

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणला दुपारच्या पोळ्या लाटत होते. पलीकडून काकी एवढंच म्हणाली, “तुझा काका जेवायला उठलाच न्हाय गं…” जेवणाची हाक या माणसानं जन्मात एकदाही चुकवली नव्हती.

नाना म्हणजे माझे थोरले काका. शेलार गावात घराला लागूनच त्यांची कापड विणायच्या लूमची शेड. त्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला, की घरात मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघायचे. एका वर्षी त्यांनी चिनी लूम आणले आणि ते बसवायला तिकडून एक फिटर आला. “लॉजवर कशाला? घर हाय की,” म्हणून नानांनी त्याला घरीच ठेवून घेतलं. शेडमध्ये काही अडलं नाही, तिथे आपली माणसंसुद्धा खुणांनीच बोलतात. पण जेवायला बसला की बिचारा खाली मान घालून चार घास भात खायचा आणि कानात इयरफोन घालून आपल्या भाषेतल्या गोष्टी ऐकत बसायचा. जाताना त्यानं त्या गोष्टींची सीडी नानांच्या हातात ठेवली. नानांना फार लागलं ते. “माझ्या घरात पाव्हना मुका जेवून गेला! सर्व्हिसिंगला परत येईल तवा त्याच्या भाषेत बोललो न्हाय, तर बापाचं नाव लावनार न्हाय.”

झालं! पुस्तक नाही, मास्तर नाही. झोपाळ्यावर डोळे मिटून सकाळ-संध्याकाळ सीडी. एका आजीची आणि नातवाची लांबलचक गोष्ट होती. नुसतं वाचन नव्हे हं, मागे कोंबड्या ओरडायच्या, पाऊस पडायचा, भांडी वाजायची आणि नाना त्या आवाजांवरून अर्थ लावायचे. आजी हाक मारते, “छऽ फान ला!” नातू म्हणतो, “लाय ला!” मग वाट्या वाजतात… “अगं, जेवायला बोलावते ती! आन् तो म्हनतो आलो!” लॉटरी लागल्यागत ओरडले. काकी करवादायची, “आता चिनी बायकोच आना एक!” पण भाकरी थापताना तिचेही कान तिकडेच. हळूहळू तीच नानांना “छऽ फान ला” म्हणून जेवायला बोलावू लागली आणि नाना असतील तिथून गरजायचे, “लाय ला!” आम्ही भावंडं हसून हसून बेजार.

फिटर परत आला, त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. ताटं मांडली, बोंबलाचं कालवण वाढलं, नानांनी छाती भरून घेतली आणि शेडमधल्या आवाजात हाक ठोकली. पाहुणा दचकून उभाच राहिला! लूममध्ये काही बिघडलं, मालक भडकला, असंच वाटलं त्याला. नानांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी मेहनत पाण्यात… तेवढ्यात काकी भात वाढता वाढता, अगदी सीडीतल्या आजीच्या सुरात म्हणाली, “छऽ फान लाऽ…” त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. “लाय ला,” म्हणाला, बसला आणि कालवण मागून मागून जेवला. नाना त्याच्याशी मोडकंतोडकं बोलत राहिले, तेही हळू आवाजात. माझ्या काकांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

परवा शेलारला गेले होते. झोपाळ्याशेजारी सीडी प्लेअर तसाच होता. काकीनं ताटं घेतली आणि सवयीनं हाक मारली, “छऽ फान ला!” …आणि तिथंच थांबली. मला राहवेना. झोपाळ्यावर बसून नानांसारखी घसा फोडून ओरडले, “लाय ला!”

काकीनं पदरानं डोळे पुसले. मग हसली.

“हळू बोल गं,” म्हणाली, “पाव्हना घाबरंल.”